गुडिसन पार्क दुरुस्त करून चाललं नसतं का?

तुम्ही विचारलंय की, लिव्हरपूलच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबला आपलं १३३ वर्षांचं मैदान, गुडिसन पार्क, सोडून नदीकाठी नवं स्टेडियम बांधायची काय गरज होती, जुन्याचीच डागडुजी करून भागलं नसतं का. मी लिव्हरपूलला राहतो, गुडिसनवर बऱ्याच मॅचेस पाहिल्यात. नसतं भागलं.

गुडिसन भर वस्तीत अडकलंय. भोवती भिंतीला भिंत लागलेली दुमजली घरं, आणि एका कोपऱ्यात तर सेंट ल्यूक चर्च थेट दोन स्टँडच्या मध्ये घुसलेलं. वाढवायचं म्हटलं तरी सरकायला जागा नाही. शिवाय आतले खांब! वरच्या बुलन्स स्टँडमध्ये माझी खुर्ची अशी होती की डावीकडचा गोलपोस्ट बरोबर खांबाआड. तिकडे गोल झाला की नाही, ते मला आधी शेजाऱ्याच्या तोंडावर दिसायचं. खुर्च्या लाकडी. सगळे एकदम उठले की फळ्यांचा खाडखाड आवाज पार टोकापर्यंत जायचा. त्या आवाजाची मला फार आठवण येते. पण छप्पर त्या खांबांवरच उभं होतं. खांब काढायचे म्हणजे स्टँडच उतरवायचा.

नवं स्टेडियम ब्रॅम्ली-मूर डॉकवर, म्हणजे जुन्या गोदीत वाळू भरून उभं राहिलंय. गुडिसनला साधारण ३९ हजार माणसं मावायची, इथे ५२ हजारांच्या वर. खांब एकही आडवा येत नाही. वास्तुविशारद आर्चिबाल्ड लीचने गुडिसनच्या स्टँडवर पोलादी पट्ट्यांची जी फुलीफुलीची नक्षी केली होती, ती इथल्या विटकामात उतरवलीय. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी हात लावून पाहिली. मात्र किंमतही मोजावी लागली. २०२१ मध्ये लिव्हरपूलचा जागतिक वारसा दर्जा गेला, त्यामागच्या कारणांत हे स्टेडियमही होतं.

१८ मे २०२५ ला पुरुष संघ गुडिसनवर शेवटचं खेळला, साउथॅम्प्टनला २-० हरवून. दोन्ही गोल इलिमान एनडियायचे. ऑगस्टमध्ये नव्या मैदानावरचा लीगमधला पहिला गोलही त्याचाच.

गुडिसन पाडायचा बेत होता, तो मात्र बदलला. आता तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. क्लबने घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय, असं मला मनापासून वाटतं. त्या मैदानाच्या कडेने शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. पाडायचं ठरलं होतं तेव्हा सगळ्यात जास्त तेच डाचत होतं.