डिस्क बर्न करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सुरुवातीला काहीच उतरवू नका. विंडोज ७ पासून आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमध्ये साठवलेली प्रत, हिलाच ‘इमेज’ म्हणतात) थेट बर्न करायची, म्हणजे डिस्कवर उतरवायची सोय विंडोजमध्येच आहे. फाइलवर राइट क्लिक करून बघा. लिनक्स असेल तर ब्रासेरो (Brasero) हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात भागलं नाही, तरच विंडोजवर इमगबर्न (ImgBurn) घ्या. दिसायला जुनाट, पण फुकट आणि भरवशाचं. इन्स्टॉल करताना मात्र डोळे मिटून ‘नेक्स्ट’ दाबत सुटू नका, नको ते जादा प्रोग्रॅम शेपटासारखे सोबत येतात.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे आयएसओ फाइल डिस्कवर नुसती कॉपी करणं. मीही केलीये! डिस्क उघडल्यावर आत एकच भलीमोठी फाइल दिसली, तर समजा फसलात. ‘इमेज बर्न करा’ हाच पर्याय हवा.

आणखी दोन गोष्टी:
- ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजला साधारण ४.३८ जीबीच दिसते. काठोकाठ भरायला जाऊ नका.
- ‘व्हेरिफाय’वर (लिहिलेलं तपासून बघायचा पर्याय) खूण करा. वेळ जातो, पण डिस्क बिघडली असेल तर तिथल्या तिथे कळतं.

बर्न चालू असताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. वेग, बफर वगैरे भानगडी नंतर बघू. आधी एक डिस्क नीट निघू दे.