गॅसवर ज्वारीची भाकरी का चिरते?

प्रश्न : माझे सासर लातूर जिल्ह्यात असून नोकरीमुळे आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. गावाकडून आलेल्या ज्वारीचे महिनाभराचे पीठ मी एकदाच दळून आणते. गावी दर आठवड्याला दळण होते आणि सासूबाईंची चुलीवरची भाकरी टम्म फुगते. माझी मात्र थापतानाच कडेने चिरते, मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. दोष गॅसचा, पिठाचा की माझ्या हाताचा?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या हातात दोष असेल असे मला वाटत नाही. ज्वारी एकाच शेतातली असली तरी आठवड्याचे पीठ आणि महिन्याचे पीठ यांत मोठा फरक पडतो, आणि आपल्या भाकरीच्या चिरण्याचे मुख्य कारण तिथेच आहे.

गव्हाच्या कणकेला ग्लुटेनमुळे ताण येतो. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिचे पीठ बांधून ठेवण्याचे काम पिठातील स्टार्चलाच करावे लागते. हा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटून एकसंध राहण्याची ताकद, कमी होते. म्हणून विरी गेलेल्या पिठाला उकळत्या पाण्याचाच आधार असतो. परातीत पिठाचे आळे करून त्यात खळखळ उकळलेले पाणी ओतावे, उलथण्याने कालवून पाच मिनिटे झाकून ठेवावे, आणि नंतर कोमट पाण्याचा हात लावत एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या टाचेने रगडून मळावा. माझ्या मते थापण्यापेक्षा या मळण्याला अधिक महत्त्व आहे. गोळा दाबल्यावर त्याची कड चिरत असेल, तर थापण्याची घाई न करता तो पुन्हा मळावा. गव्हाचे पीठ मिसळण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने भाकरी तुटत नाही हे खरे, पण ज्वारीची चव जाते आणि पिठाचा मूळ दोष तसाच राहतो.

दळण आठ-दहा दिवसांपुरतेच आणावे. धान्य निवडतानाही लक्ष द्यावे : काढणीच्या वेळी पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी असेल, तर तिच्या दाण्यातील स्टार्च आधीच मोडलेला असू शकतो आणि मग ताज्या पिठाचीही भाकरी नीट होत नाही. भाकरीसाठी रब्बीची मालदांडी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ यांसारखी टपोरी, पांढरी ज्वारी घ्यावी.

आता गॅसविषयी. चुलीचा जाळ तव्याच्या बुडाला सर्वत्र लागतो, तर गॅसची ज्योत बहुधा मधल्या भागावर एकवटते. पातळ तव्यावर मध्य करपतो आणि कड कच्ची राहते ती यामुळे. जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा घ्यावा, तो मध्यम आचेवर चांगला तापू द्यावा आणि भाकरी भाजताना थोडा थोडा सरकवत राहावा. पिठी लागलेली बाजू वर येईल अशी भाकरी टाकून तिच्यावर लगेच सगळीकडे, विशेषतः कडेपर्यंत, पाणी फिरवावे. हे पाणी आटत आले, परंतु पृष्ठभागावर ओल अजून आहे, अशा वेळी भाकरी उलटावी. ती पूर्ण कोरडी होऊ दिली तर पापुद्र्याला भेगा पडतात, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू डाग पडेपर्यंत पूर्ण भाजावी आणि मग पहिली, कमी भाजलेली बाजू ज्योतीवर धरावी. ज्योतीवर धरायची नसेल तर तव्यावरच उलटून स्वच्छ फडक्याने कडा हलकेच दाबाव्यात. वाफ आतल्या आत पसरून पापुद्रा सुटतो.

प्रश्न : बाजरीच्या पिठालाही हेच लागू होते का?
— एक वाचक, बीड

उत्तर : होय, आणि अधिक काटेकोरपणे. बाजरीत ज्वारीपेक्षा स्निग्धांश जास्त असल्यामुळे तिचे पीठ काही दिवसांतच कडवट होऊ लागते. उकळत्या पाण्याने भाकरी जुळून येईल, पण आलेला कडवटपणा कशानेही जात नाही. म्हणून बाजरी थोडी थोडी दळावी आणि पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावे.