आणि त्या राघूचं काय?

प्रिय ताई,
माझा मुलगा सहावीत आहे. शाळेत भूतदयेवर भाषण करून पहिला नंबर आणला. घरी मात्र स्वतःच हट्टाने आणायला लावलेल्या कुत्र्याच्या भांड्यात पाणीही भरत नाही. फिरवणं, लस, आंघोळ, सगळं माझ्याच गळ्यात. सासऱ्यांचा राघू आहे गॅलरीत, पण त्याचा काही त्रास नाही. मुलाला जबाबदारी कशी शिकवू?
– वैतागलेली आई, सातारा

अगं वैतागलेल्या आई,
कुत्र्याचं नंतर बघू. राघूला तू एका ओळीत उरकलंस. म्हणे त्याचा काही त्रास नाही! पंख पसरले की गज लागतात, तो कुणाला काय त्रास देणार? थव्याने उडणारा पक्षी, बहुधा ढोलीतून पिल्लू असतानाच उचललेला. मिरची आणि भिजवलेली डाळ घातली की आपण समजतो, लाड चाललेत. तुझा मुलगा कळायला लागल्यापासून हेच बघतोय, की चांगला प्राणी तो जो एका जागी बसतो आणि आपल्याला उठवत नाही. कुत्रा उठवतो, म्हणून नकोसा झाला. पोरगं आळशी नाही गं, घरात जे चालतं ते नीट शिकलंय.

शिवाय हे बेकायदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे रानातले पोपट पाळता येत नाहीत, बाजारातून पैसे मोजून आणले असले तरी. ‘सगळेच पाळतात’ हे मला लिहू नकोस. सासऱ्यांना वाईट वाटेल? वाटू दे.

याच आठवड्यात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लाव आणि मुलाला बोलू दे, भाषण येतंच त्याला. पिंजऱ्याचं दार उघडून पुण्य मात्र कमवायला जाऊ नका. वर्षानुवर्षं न उडालेल्या पंखांत बळ नसतं, समोरच्या तारेपर्यंत पोचायच्या आत कावळे टोचून काढतील. त्याला सोडायचं की सांभाळायचं, ते जाणकार ठरवतील. राघूला सोपवताना आजोबा आणि नातू, दोघांनाही हजर ठेव.

आता कुत्रा. अकरा वर्षांच्या पोराच्या भरवशावर कुत्रा आणत नसतात. तो तुम्हा मोठ्यांचा. लसीच्या तारखा नवऱ्याच्या मोबाइलमध्ये टाक, सकाळचं फिरवणंही त्याच्याकडेच दे. मुलाकडे फक्त पाण्याचं भांडं. ते भरल्याशिवाय त्याने पानावर बसायचं नाही, आणि तूही गुपचूप भरून ठेवायचं नाहीस.