एचआयव्हीच्या गोळ्या मोफत आहेत, तरी भावाने उपचार का सोडले असतील? सेंटरवाले परत घेतील का?

घेतील. हे आधी सांगते, कारण 'आता डॉक्टर ओरडतील' या धास्तीनेच कित्येक जण एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राची, पायरी पुन्हा चढत नाहीत.

मी मुंबईत एचआयव्हीच्या पेशंटचं समुपदेशन करते. २००४ साली जे.जे. रुग्णालयात मोफत औषधं सुरू झाली, तेव्हाच्या गोळ्या खरंच जड जायच्या. कुणाचं रक्त कमी व्हायचं, कुणाचे गाल बसायचे. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र. त्यामुळे अडचण सहसा गोळीत नसते.

नाक्यावर काम मिळतं सकाळी आणि ओपीडीही सकाळचीच. रांगेत उभं राहिलं की खाडा पडतो. त्यात मुंबईची खोली! पाच-सहा जणांत डबी ठेवायची कुठे? माझ्यासमोर कितीतरी जण डबीवरचं लेबल नखाने खरवडतात, हलवल्यावर आवाज येऊ नये म्हणून आत कापूस कोंबतात. पाहुणे आले की गोळी चुकते. गावी महिनाभर राहणं झालं की साठा संपतो, आणि तिथल्या सेंटरवर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून माणूस जातच नाही. काहींना तर बरं वाटू लागतं, वजन भरतं, मग गोळी नकोशी होते. पण गोळी थांबली की काही आठवड्यांतच व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, पुन्हा चढतो. वरचेवर खंड पडला तर औषध लागू न पडण्याचाही धोका असतो.

म्हणून भावाला 'का सोडलीस?' असं विचारू नका. 'कुठे अडतंय?' एवढंच विचारा. कामाची वेळ आड येत असेल तर तसं सेंटरवर स्पष्ट सांगा. तब्येत स्थिर झाली की एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. राहण्याची जागा बदलली असेल तर जवळच्या सेंटरवर नाव वर्ग करून मिळतं. कामावर कळेल याची भीती असेल तर २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा त्याला सांगा. संमतीशिवाय ही माहिती फोडता येत नाही आणि केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढताही येत नाही.

घरात उरलेल्या गोळ्या त्याने मनाने सुरू करू नयेत. आधी सेंटरवर टीबीची लक्षणं, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी किती आहेत ते) आणि व्हायरल लोड बघू द्या. सेंटरचं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सापडत नसलं तरी जा, पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा. त्याआधी काही विचारायचं असेल तर १०९७ हा एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे.