मनातलं वाजवायचं तर सूर कमी घ्या

स्वतःची चाल बांधायला बसलं की मन भरून येतं, पण बोटं पाठ केलेल्या तानाच वाजवतात, हे सुरुवातीला बहुतेकांचं होतं. तानपुरा लावून सा, कोमल (म्हणजे थोडा उतरलेला) ग, म, प, कोमल नी एवढ्याच सुरांत फिरा. दुःखासाठी कुठले सूर, असं विचारू नका. याच पाच सुरांचा धानी राग चांगला खेळकर वाटतो! फरक पडतो तो लयीनं आणि थांबण्यानं. कोमल गंधारावर, म्हणजे त्या कोमल ग वर, रेंगाळा, सा वर यायला मुद्दाम उशीर करा. ती ओढ कानाला लगेच कळते. आधी गुणगुणा, मग वाजवा. गळा बोटांइतका सवयीचा गुलाम नसतो. रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी जी ओळ आपसूक ओठांवर येईल, तिचाच मुखडा, म्हणजे चालीची पहिली, परत परत येणारी ओळ, करा आणि शेवट बदलत पुन्हा पुन्हा वाजवा. शब्द नंतर.