व्हँकुव्हरचा हिवाळा सौम्य असतो म्हणतात, मग आईबाबांना डिसेंबरमध्ये बोलावू का?

नका बोलावू. मे ते सप्टेंबर बोलवा, त्यातही जुलै उत्तम.

पारा इथे शून्याखाली फारसा उतरत नाही हे खरं. पण त्रास थंडीचा नाही, अंधाराचा आहे. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, आणि दिवसभरात तो दिसलेला असतोच असं नाही.

माझे बाबा रत्नागिरीचे. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथल्या विमानतळावर साधारण बाराशे. त्यावरून टोरोंटोच्या माझ्या मोठ्या भावाने परस्पर ठरवून टाकलं, "बाबांना पावसाचं काय कौतुक? हिवाळ्यात तुझ्याकडे, उन्हाळ्यात माझ्याकडे." मी नको म्हणत राहिले. नोव्हेंबरात आले दोघं. सुरुवातीला बाबा हौसेने छत्री घेऊन फिरायला जायचे. मग खिडकीशी बसून विचारायला लागले, "अगं, हा एकदाचा धड पडत का नाही?" कोकणातला पाऊस झोडपतो आणि उघडीपही देतो. इथली भुरभुर दिवसचे दिवस संपत नाही. फुटपाथवर मेपलची पानं कुजून निसरडं झालेलं, त्यात बाबांचे गुडघे, म्हणजे फिरणंही बंद. आई साडेतीनलाच देवापाशी दिवा लावायची. जन्मभर सकाळी सातच्या आत दाढी-आंघोळ उरकणारा माणूस, जानेवारीत दाढीच करेना.

भाऊ अजून म्हणतो, तुम्ही दोघं नोकरीला जाता म्हणून त्यांना करमलं नाही. साफ चूक. टोरोंटो आमच्यापेक्षा पाचेक अंश दक्षिणेला आहे, तिथे उणे दहातसुद्धा लख्ख ऊन पडतं. बाबा काचेपाशी उन्हात पेपर वाचत बसले असते. म्हातारपणी बर्फापेक्षा उन्हाचा विचार आधी करावा, हे मी तेव्हाही सांगत होते.

हिवाळ्यात पॅसिफिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात, ढग उत्तरेच्या डोंगरांना अडतात. म्हणून डोंगरांच्या पायथ्याच्या नॉर्थ व्हँकुव्हरला विमानतळाच्या दुपटीच्या आसपास पाऊस, विमानतळ आहे त्या रिचमंडला त्याहून बराच कमी. तुमचं घर कुठे आहे ते लिहिलं नाहीत. उन्हाळ्यात समुद्रावर जास्त दाब ठाण मांडतो आणि वादळं उत्तरेला वळतात. जुलैत जेमतेम 35-40 मिलिमीटर पाऊस, रात्री नऊपर्यंत उजेड. आईबाबा एकटे बसने स्टॅनली पार्कला जाऊन येतील.

एक मात्र आहे. ऑगस्टमध्ये कधीकधी वणव्यांचा धूर शहरावर येतो, दमा असेल तर ऑगस्ट टाळा. आणि इथल्या बऱ्याच घरांत एसी नसतो. जून 2021 च्या उष्णतेच्या लाटेत आपल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 619 माणसं गेली, बहुतेक वयस्कर, घरातल्या घरात. तेव्हा ते यायच्या आधी निदान एका खोलीत पोर्टेबल एसी बसवून घ्या, ऐन लाटेत दुकानात मिळत नाही.