‘उठा’ म्हटलं की उठतात, मग बाकीचं का कळत नाही?

“बाबांना सगळं कळतं हो, ते मुद्दाम करतात.” वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलेली एक मुलगी समुपदेशनात मला सांगत होती. हातपाय ठीक, बोलणंही भरभर. पण त्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. ‘उठा’, ‘डोळे मिटा’ म्हटलं की लगेच करतात, ‘चष्मा द्या’ म्हटलं की नुसते बघत राहतात. भावाच्या मते वेड लागलंय, आईच्या मते ऐकू येत नाही. म्हणून घरात सगळे ओरडून बोलत होते.

श्रवणचाचणी व्यवस्थित होती. निदान होतं वर्निके अफेजिया, म्हणजे वाचाघाताचा एक प्रकार. त्याचा अर्थ मात्र घरच्यांना कोणी उलगडून सांगितला नव्हता.

कान आवाज पोचवतो. बोलण्यात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा बहुधा नसतेच. त्या सलग आवाजातून शब्द सुटे करणं आणि त्यांना अर्थ जोडणं हे मेंदूचं काम. बहुतेकांमध्ये ते मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्यात चालतं. तिथे, कानाच्या वर-मागे असलेल्या भागाला इजा झाली की ऐकू येतं, उमगत नाही. कार्ल वर्निके यांनी १८७४ मध्ये हे मांडलं. स्वतःचं चुकतंय हेही अशा माणसाला बरेचदा जाणवत नाही, म्हणून तो उलट समोरच्यावरच चिडतो.

मग ‘उठा’ कसं कळतं? संपूर्ण शरीराने करायच्या सूचना या आजारात पुष्कळदा टिकून राहतात. घरच्यांचा संशय नेमका इथेच बळावतो. आवाजातला चढउतार ओळखण्यात उजव्या अर्ध्याचा मोठा वाटा असतो, तो शाबूत होता. म्हणजे ओरडल्याने शब्द पोचत नव्हते, राग तेवढा पोचत होता.

मी सांगितलं: टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला, वाक्य छोटं ठेवा, चष्मा हवा तर चष्म्याकडे बोट दाखवा. त्यांच्या ‘हो’वर विसंबू नका, न कळताही माणूस ‘हो’ म्हणतो. औषध घेतलं का, हे पाकीट बघून ठरवा. स्पीच थेरपी लगेच सुरू करा, कारण सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो.

(कुणाचं बोलणं अचानक असं असंबद्ध झालं, तर समुपदेशकाकडे नव्हे, तडक रुग्णालयात न्यावं.)

आईने ओरडणं थांबवलं, तसं बाबांचं चिडणं बरंच कमी झालं. भावाला अजून पटलेलं नाही. पुढच्या थेरपीच्या वेळी त्यालाच सोबत पाठवा, असं मी सुचवलंय.